मशेरीचा तवा

मशेरी मी जन्मात कधी लावली नाही, भाजली मात्र आहे. यात चूक कुणाची, असं पुढे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून टाकते. लावणारीपेक्षा भाजणारीची जास्त, आणि भाजणारी मी.

माझं नाव जयश्री. वैशाखऱ्याहून घाटाकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळलं की अर्ध्या तासाच्या चालीवर आमचा पाडा आहे. तिथली मी आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांना तपासणीला नेणं, पोरांचे डोस चुकू न देणं, गोळ्या वाटणं आणि कुणी ऐको न ऐको, सांगत राहणं हे माझं काम. तोंडाने मी फटकळ आहे. पाड्यावरच्या बाया मला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. ते फार चुकीचं नाही.

माझ्या सासूबाई बाईजा, सत्तरीच्या आतबाहेरच्या. आमच्या सगळ्या पट्ट्यात त्यांना धवळारीण म्हणून ओळखतात. आमच्यात लग्नाला भटजी असो नसो, धवळारीण लागतेच. मांडवाच्या दिवशी ती धवळे म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारते आणि मांडवात आणून बसवते. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात शेवटी जो गेला त्याच्यापाशी थांबायचं. तिने ओळ म्हणायची, मागे बसलेल्या दोघी-तिघींनी ती झेलायची, म्हणजे तशीच परत म्हणायची. ही हाक एकदा सुरू झाली की मध्ये तोडत नाहीत. ज्याचं नाव राहिलं तो दाराशी येऊन उपाशी परत जातो, असं मानतात. धवळारणीला ठसका लागला, आवाज बसला, तर तेवढं नाव त्या घरच्या बाईने उचलायचं. झेलणारीने नाही, लग्न करून दिलेल्या लेकीनेही नाही. मी चार प्रशिक्षणं केलेली बाई, पण हे मीही मानते. आमच्या घरच्या नावांत शेवटचं नाव माझ्या नवऱ्याचं आहे. माळशेजच्या घाटात भाजीचा टेम्पो कलंडला, त्याला आठ वर्षं झाली.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंच्या गाण्याला वाद्य नाही, काही नाही. सगळी करामत शब्दांची. शंभर माणसांच्या गोंगाटात प्रत्येक नाव सुटं सुटं ऐकू यायचं. लोक म्हणायचे, बाईजाने हाक मारली की मेलेला माणूस मान वळवून बघतो.

आणि आईंची मशेरी. मुरबाडच्या बाजारातून तंबाखूची पानं आणायची, जुन्या लोखंडी तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, शेतावर निघताना, गायला बसायच्या आधी बोटावर चिमूट घेऊन हिरड्यांवर फिरवत राहायचं. लग्न होऊन आले तेव्हा त्या धुराने मला उमासे यायचे. आई हसायच्या. म्हणायच्या, "कॉलेजची सून आणली, तव्याच्या वासानं पळते." मशेरीने हिरड्या घट्ट होतात, दात जन्मभर टिकतात, हे इथे सगळ्याच बाया सांगतात. पुरावा म्हणून माझ्या सासूचं तोंड दाखवतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून मशेरी, आणि हिरडीतून रक्ताचा थेंब म्हणून कधी नाही.

तीन वर्षांपूर्वी तंबाखूबद्दल आमचं प्रशिक्षण झालं. कॅन्सरची चित्रं दाखवली, ती बघून मी पेटून परत आले. हिरड्यांबद्दल काही सांगितलं की नाही मला आठवत नाही. सांगितलंही असेल, मी तेव्हा चहाला उठले असेन. घरोघर जाऊन मी बायांच्या डब्या मागायला लागले. लहानी म्हणून आमची शेजारीण आहे, आईंच्या मागे झेलायला तीच बसते. ती दारात उभी राहून म्हणाली, "आदी तुज्या घरातली डबी बंद कर, मंग माज्या दारात ये."

बोलणं सरळ होतं. मी घरी येऊन तोंड फुगवून बसले. आईंनी दोन दिवस पाहिलं. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी कनवटीची डबी काढून माझ्या हातात दिली.

"घे. माज्यामुलं तुजी मान खाली नको."

अठ्ठावन्न वर्षांची सवय. माझ्या शब्दाखातर त्या बाईने ती एका दिवसात सोडली. पहिला आठवडा डोकं दुखलं, पोट साफ होईना, कुणी हाक मारली तरी वसकन अंगावर यायच्या. मी मनात खूश होते. आईंचं बघून पाड्यावरच्या पाच जणींनी सोडली. त्यात लहानीसुद्धा होती.

बाराव्या की तेराव्या दिवशी आईंनी नाचणीची भाकरी दाताने तोडली आणि घास तोंडातून काढून हातावर घेतला. घासाला रक्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना आलं. मग उशीवर डाग दिसायला लागले. हिरड्या लालबुंद, हात लावला तरी रक्त.

मी घाबरले. तेव्हाच त्यांना घेऊन मुरबाडला जायला हवं होतं. जीपने जेमतेम तासाभराचा रस्ता आहे. दुसऱ्यांच्या सुनांना, म्हाताऱ्यांना मी हाताला धरून दवाखान्यात नेते. पण तिथे माझा तोरा आडवा आला. आशाच्या सासूने आशाचं ऐकलं आणि तिला रोग झाला, हे मी कुणाच्या तोंडावर सांगणार होते? आज जाऊ, उद्या जाऊ करत मी पंधरा दिवस घालवले. पुढच्या महिन्यात आईंच्या पाच लग्नांच्या सुपाऱ्या होत्या.

एके सकाळी त्या ओट्यावर बसून रक्त थुंकत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जयश्री गो, इतकी वर्सं नाय ते आता झाला. माजी डबी दे."

डबीतली मशेरी मी टाकून दिली होती आणि आईंना त्या दिवशी उठून काही करायची ताकद नव्हती. मग मी स्वतः पानं आणली. तवा चुलीवर ठेवला, पानं टाकली, पदर नाकाला लावून कालथ्याने फिरवत राहिले. काळी झाल्यावर चुरून डबीत भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून पहिली चिमूट लावली तेव्हा, खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा-सोळा दिवसांत रक्त बंद झालं. हिरड्या पहिल्यासारख्या फिकट, घट्ट दिसायला लागल्या. लहानीने सगळ्या पाड्यात सांगितलं की मशेरी सोडली तर तोंड सडतं, लावली की बरं होतं, आशाताईनेच भाजून दिली. त्या पाचही जणींनी परत सुरू केली. मी तंबाखूचं नाव काढणं सोडलं. बैठकीत विचारलं की "सांगते, सांगते" म्हणायची आणि पुढच्या विषयावर जायची.

नंतरची दोन वर्षं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी बघत नव्हते. आईंचे वरचे पुढचे दात लांब दिसायला लागले. वय झालं, असं मी म्हटलं. दातांमध्ये फटी पडल्या. तोंडाला वास यायला लागला, इतका की नेहा, माझी मुलगी, आजीजवळ झोपायची ती हळूच माझ्याकडे सरकली. वय झालं. आई भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. तेही वयावर घातलं. रक्त कुठे येत होतं? रक्त नाही म्हणजे हिरडी धडधाकट, असाच माझा हिशेब होता, आणि पाड्यावरच्या कुठल्याही बाईचा तोच होता.

यंदा माघात नेहाचं लग्न ठरलं. मुलगा किन्हवलीचा, अमित नाव, मुरबाडला कारखान्यात कामाला. वैशाखातली तारीख धरली. आईंना आनंद झाला, तो नातीच्या लग्नाचा होता तसाच दुसराही होता. त्या मला म्हणाल्या, "आट वर्सं लोकांच्या मांडवात लोकांची मेलेली बोलावते. आता माज्या लेकाला बोलावनार. पोरीला बघायला येईल तो." त्या दिवसापासून त्या काम करताना पुटपुटत नावं घोळवायच्या. शेवटच्या नावाशी आल्या की गप्प बसायच्या. ते मांडवासाठी राखून ठेवलं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी जेवताना आई एकदम थांबल्या. घासातून त्यांनी एक दात काढला. वरचा, बाजूचा, मुळासकट. त्यांनी तो पाण्यात धुऊन तळहातावर ठेवला आणि मला दाखवला.

"बघ गो. रगत सुदिक नाय."

त्यांना वाटत होतं, ही चांगली खूण आहे. माणसाचा अख्खा दात मुळासकट निघून येतो आणि एक थेंब रक्त येत नाही, हे मला पहिल्यांदाच विचित्र वाटलं. दुसऱ्या सकाळी पहिल्या जीपने मी त्यांना मुरबाडला नेलं.

दातांची डॉक्टर नेहापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आईंना खुर्चीत बसवलं, बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताच्या कडेने आत घालून बघितली. सळई इतकी आत जात होती की मी नजर दुसरीकडे वळवली. मग तिने फोटो काढला आणि मला उजेडासमोर धरून दाखवला. पुढच्या चार दातांच्या भोवती हाड नव्हतंच. ते नुसते हिरडीच्या मांसात उभे होते.

"मशेरी किती वर्षं?" तिने विचारलं.

"साठ," मी म्हटलं. "मधे सोडली होती एकदा. महिनाभर. पण सोडली आणि रक्त यायला लागलं. परत लावली तर थांबलं."

डॉक्टरने सळई खाली ठेवली. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे तिचं लक्ष गेलं असावं, कारण ती आवाज खाली आणून बोलली.

"ताई, रोग तेव्हाही होता. आधीपासून होता. आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात. काही निरुपद्रवी, उलट राखण करणारे. तंबाखूने ते कमी होतात. दुसरे असतात, ज्यांना हवा नको असते. ते दात आणि हिरडी यांच्या मधल्या खड्ड्यात जाऊन राहतात, वाढतात, आणि त्यांच्यामुळे हाड झिजत जातं. अशा वेळी हिरडी सुजते, रक्त येतं. रक्त येणं म्हणजे हिरडी ओरडून सांगतेय की आत काहीतरी चाललंय. तंबाखूने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग रक्त येत नाही, सूज दिसत नाही. हिरडी वरून छान दिसते आणि आत हाड जात राहतं."

"मग सोडली तेव्हा..."

"सोडली तेव्हा रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, म्हणून रक्त आलं. ती बरं होण्याची सुरुवात होती. तेव्हा आणलं असतं, तर साफ करून हे पुढचे दात बहुतेक राहिले असते."

ती मुलगी मला टोचून बोलत नव्हती, जे होतं ते सांगत होती. ओरडणाऱ्या हिरडीचं तोंड मी दाबलं होतं. तंबाखूच्या पानाला तव्यावर फिरवत, पदर नाकाला लावून.

डॉक्टरच्या मते पुढचे चारही दात काढायला हवे होते. मागचे वाचतील, पण मशेरी आजपासून बंद आणि तीन-चार वेळा येऊन हिरड्यांच्या खालून सफाई. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दात काडल्यावर नवे कवा बसवशील?"

"जखम भरायला वेळ लागतो आजी. अडीच-तीन महिने."

"लगीन दीड मईन्यावर हाय. पुडचे दात नसले तं माज्या तोंडातून नुसता वारा जाईल. नाव कसा घेऊ?" त्यांनी खुर्चीतून पाय खाली सोडले. "लगीन झाल्यावर काड. बाकी तू सांगशील तसा करते."

डॉक्टर कुरकुरली, पण तयार झाली. निघताना म्हणाली, "मशेरी बंद झाली की पंधरा दिवसांत पुन्हा रक्त येईल. या वेळी घाबरू नका."

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. टोकावडं मागे पडलं. मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "आई, मीच भाजून दिली. तुमी सोडली होती. मी नेलं असतं तेव्हा डॉक्टरकडे, तं..."

"तू भाजलीस, लावली मी," आई म्हणाल्या. "रडू नको गो जीपमदी. लोक म्हनतील सासूनं मारली." आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मला बरं वाटावं म्हणून त्या बोलल्या हे मला कळत होतं. त्याने मला बरं वाटलं नाही.

रक्त बाराव्या दिवशी आलं. आईंनी चूळ थुंकली, वाकून पाहिलं आणि मला हाक मारली, "जयश्री, आला गो." माहेरहून कुणी आल्यासारखं सांगितलं. मी धावत जाऊन बघितलं आणि आम्ही दोघी चक्क हसलो. सफाईच्या तीन खेपा झाल्या. रोज मिठाचं कोमट पाणी, मऊ ब्रश. मागच्या हिरड्यांचं रक्त हळूहळू कमी झालं, तोंडाचा वास गेला, नेहा परत आजीजवळ झोपायला लागली. पुढच्या चार दातांभोवती मात्र रक्त थांबेना. बोलायला लागलं की दात हलायचे आणि कडेने लाल रेघ उमटायची.

लग्नाला अठरा दिवस राहिले तेव्हा माझी नणंद काशी आली, मदतीला. तिने आईंचं तोंड बघितलं आणि मला मागच्या पडवीत ओढून नेलं.

"वयनी, ही गानार कशी? मांडवात रगत थुकेल. किन्हवलीची मान्सं उष्टी हलद घेऊन येनार, त्यांच्या म्होरं. ते काय बोलतील? नवरीच्या मांडवात रगत सांडला म्हनून पोरीला जलमभर बोल लागंल."

मी म्हटलं, "दुसरी धवळारीण बोलवू."

"आन् आईला सांगंल कोन? तू?" तिने कमरेची पुडी काढून माझ्या हातात दिली. तंबाखूची पानं होती. "पंदरा दिवस लावली तं रगत थांबतं, तूच बघितलायस ना? लगीन झाला की बंद कर. दात तं तसे पन जानारच."

हे शेवटचं वाक्य बरोबर होतं, हीच त्यात वाईट गोष्ट. ते चार दात जाणारच होते. अठरा दिवसांनी काय असं बिघडणार होतं? मागच्या दातांचं काय, हे माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण नेहाचं पुढचं सगळं आयुष्य एका पारड्यात आणि म्हातारीच्या दाढा दुसऱ्यात, असं मी मनात तोललं. माझी मला लाज वाटते, पण तोललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. मी सांदीतून तो तवा काढला. चुलीवर ठेवला. पानं टाकली. सगळं समजून, ओरडणाऱ्या हिरडीचं डॉक्टरचं बोलणं कानात असताना, मी दुसऱ्यांदा मशेरी भाजायला बसले. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं, असं निदान म्हणता येत होतं.

वास लपतो थोडाच. आई दारात आल्या. हाताला पापडाचं पीठ तसंच होतं. त्यांनी तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोनासाटी?"

मी एकदम सगळं बोलले. मांडव, रक्त, किन्हवलीची माणसं, नेहा. बोलता बोलता माझा आवाज चढला. "पंधरा दिवस फक्त," मी म्हटलं, "तुमच्या नातीसाठी."

आईंनी खाली बसून चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तवा फडक्याने धरून बाहेर नेला आणि पानं राखेच्या ढिगावर उलटी केली. परत येऊन माझ्यासमोर बसल्या.

"तो गेला तवा तेराव्यानंतर चार दिसांनी मी लोकांच्या मांडवात गायला गेलती," त्या म्हणाल्या. "रडू आला तं मशेरी लावायची, गुंगी यायची, गायची. सगले बोलले, बाईजा लई घट मनाची. घट कसली? झाकून ठेवला व्हता. आता त्याला बोलवायचा हाय. पोराला हाक मारायला बसल्यावर तरी मना काय झाकायचा नाय. रगत आला तं येऊ दे. पोटचा हाय तो, त्याला काय विटाल व्हनार माज्या रगताचा?"

आठ वर्षांत आम्ही दोघी नेहाच्या वडिलांबद्दल असं कधी बोललो नव्हतो. एकाच घरात दोन बायका, एकीचा मुलगा, एकीचा नवरा, आणि त्या विषयावर बोलणं नाही. मी बाहेर जाऊन तवा राखेने घासायला घेतला.

मांडवाच्या दिवशी ऊन कडक होतं. आंब्याचे टहाळे बांधलेल्या मांडवात नेहा पाटावर बसली. किन्हवलीच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या आणि पुढे बसल्या. काशी आणि इतर सवाष्णी नेहाच्या भोवती. मी नवरीची आई, पण विधवा, म्हणून माझी जागा मागे, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत; ही आडकाठी धवळारणीला नसते. एरवी पाड्यावर मी कुणाला बोलायला सोडत नाही. त्या दिवशी मात्र मी गुमान चौकटीला धरून उभी राहिले, कारण लेकीच्या लग्नात भांडायचं नव्हतं.

आई बसल्या. लहानी आणि आणखी एक जण मागे झेलायला. लहानीने सवयीने डबी पुढे केली, धवळारणीला मशेरी देण्याचा मान असतो आमच्यात. आईंनी ती हाताने बाजूला सारली. लहानी ओशाळली आणि तिने डबी उघडलीच नाही.

देवांची नावं झाली. मग हाक सुरू झाली. आवाज तसाच होता, पोलादी. पण मी आईंच्या ओठांकडे बघत होते. खापरपणजा आले, पणजा आले, त्यांच्या बायका आल्या. हलणारे दात जिभेने सावरत त्या एकेक नाव घेत होत्या. सासरे आले. एक धाकटा दीर लहानपणी गेला होता, तोही आला. आईंच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल दिसलं. किन्हवलीच्या एका बाईने शेजारणीला कोपर मारलं. काशीने पटकन आपला पदर आईंच्या तोंडासमोर धरला. आईंनी तो हात खाली केला.

मग शेवटचं नाव. आईंनी श्वास घेतला, मान थोडी वर केली, तोंड उघडलं. तोंड रक्ताने भरलं होतं. त्यांनी गिळायचा प्रयत्न केला, पुन्हा ओठ उघडले, आणि नुसता घोगरा आवाज बाहेर आला. रक्ताची धार हनुवटीवर आली. आईंनी हाताने पुढचा दात धरला, तो हातातच आला.

लहानी वाट बघत होती, तिला झेलता येतं, उचलता येत नाही. काशी बहीण होती, पण दिलेली लेक. आईंनी दात मुठीत धरला आणि मागे वळून पाहिलं. सगळ्या बायकांच्या डोक्यांवरून त्या माझ्याकडे बघत होत्या.

बावीस वर्षांत मी नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. ते असताना रीत म्हणून नाही, गेल्यावरही नाही. सरकारी फॉर्मवर शंभरदा लिहिलं असेल, कुणी विचारलं तर आधारकार्ड पुढे करायची. लोक हसायचे, आशाताई एवढी तोंडाळ आणि एवढ्यात लाजते. लाज नव्हती. ते नाव घेतलं की ते गेल्याचं खरं होईल असं मला वाटायचं, आणि मी ते आठ वर्षं झाकून ठेवलं होतं.

मी चौकट सोडली. मांडवाच्या कडेपर्यंत आले. गाणं मला येत नाही, चालही चुकली असेल.

"हेमंता, ये रे," मी म्हटलं. "लेक बसली हलदीला. ये रे, मांडवात ये."

नेहाने पाटावरून मान वळवली. मग लहानीने झेललं, तिच्या शेजारणीने झेललं. आणि त्यांच्या मागून तिसरा आवाज आला, फुटका, रक्ताने भरलेला, अर्धे शब्द गिळणारा. आई माझ्या मागून झेलत होत्या.